कोलंबसला थांबा नाही

८ फेब्रुवारी २००४, रविवार

पियुषने पाठवलेला नकाशा अखेर आला. नकाशा कसला, पुस्तकच आहे. टेक्सास राज्यातला लहानात लहान रस्ता त्यात दिला आहे. पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हापासून मी जेवणाखेरीज उठलेलो नाही. रुखमा म्हणाली, "एवढ्या रस्त्याईचं काय करता? जायचं त पोराच्याच घरी हाय."

तिला काय सांगणार. एकतीस वर्षं मी गडचिरोली आणि चंद्रपूर डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठे थांबेल, तिच्यावर कोण जाईल हे माझ्या पेन्सिलीने ठरायचं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण पेन्सिल अजून कानावरच असते.

तर बेत असा. पियुष ह्यूस्टनला नोकरीत आहे, सून दिव्यानी तिथेच आहे आणि जुलैच्या मध्यावर तिची तारीख आहे. व्हिसा झाला, २० जूनची तिकिटं आली. सप्टेंबरपर्यंत आम्ही तिथेच. बाळ दीड महिन्याचं झालं की पाच जणांनी तीन दिवसांची सहल करायची. ह्यूस्टनहून सॅन अँटोनियो, तिथून ऑस्टिन, तिथून परत. पियुष फोनवर म्हणाला, "बाबा, टाइमटेबल तुम्हीच बनवा." मी बरं म्हणालो, जसं काही मला त्याचं फारसं अगत्य नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

अंतरं मैलात आहेत हे पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर समजलं. तोवर दीड पान वाया गेलं होतं. ह्यूस्टन ते सॅन अँटोनियो एकशे सत्त्याण्णव मैल, म्हणजे तीनशे सतरा किलोमीटर. आपल्याकडे या अंतराला दिवस जातो. पियुष म्हणतो तिथे तीन तास.

वाटेत कोलंबस नावाचं गाव आहे. अमेरिका शोधायला निघालेला माणूस इथे चहाला थांबला असेल. रुखमाला सांगितलं तर तिने नुसतं हूं म्हटलं. ती बाळाचं दुपटं शिवत होती, माझ्या जुन्या खाकी शर्टाचा एक तुकडाही त्यात बसवते आहे. म्हणते, आजोबाचा वास राहू द्या.

१४ मार्च, रविवार

वेळापत्रकाची पक्की प्रत तयार झाली. पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, थांबा, अंतर, आणि शेवटी प्रत्यक्ष वेळ असा रकाना कोरा. सुटण्याची वेळ पहाटे सव्वाचार.

पियुष थोडा कुरकुरला. सात वाजता निघू म्हणाला. मी ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुझा बाप उगाच पहाटेचं लिहीत नाही. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांत रात्री मुक्कामाला राहिलेल्या गाड्या पहाटे चारला निघायच्या. एकतीस वर्षांत पहाटेच्या एकाही गाडीला अपघात नाही. रस्ता मोकळा, इंजिन थंड, प्रवासी शांत. डेपोत आम्ही म्हणायचो, पहाटेची गाडी देव चालवतो. माझं वेळापत्रक पियुषने कधी मोडलेलं नाही. दहावीला मी लावून दिलेल्या वेळेवर उठला, बारावीला उठला, म्हणून आज तिथे आहे.

कोलंबस साडेपाचला, थांबा नाही. पुढे शूलेनबर्ग पाच पंचावन्न, थांबा पंधरा मिनिटं, चहा. कोलंबसलाही थांबावं असं पियुषचं म्हणणं होतं, तिथे पंप आणि खाण्याची दुकानं आहेत. पण दीड तासाच्या आत पहिला थांबा दिला की गाडी पुढे सगळीकडे रडते, हा अनुभव आहे. मी तिथे लाल शाईने लिहिलं, थांबा नाही.

परतीच्या पानावर बाळासाठी दर दीड तासाला वीस मिनिटं ठेवली आहेत. ते मात्र लाल शाईने नाही, निळ्या शाईने.

अयूबच्या सायबर कॅफेत जाऊन कागद स्कॅन करून पाठवून आलो. अयूब म्हणाला, "काका, एसटी अमेरिकेले चालली का?" त्याने पैसे घेतले नाहीत, म्हणून मी त्याला गाडीच्या चाकांबद्दल अर्धा तास सल्ला दिला.

१९ मार्च, शुक्रवार

लालसू आला होता. धानोऱ्याच्या मुक्कामी गाडीवर ड्रायव्हर म्हणून याने बावीस वर्षं काढली. मोहफुलाचं पोतं विकायला चंद्रपूरला आला की माझ्याकडे चहा घेतल्याशिवाय जात नाही. मी कौतुकाने वेळापत्रक दाखवलं. त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मग कागद उलटा करून मागे पाहिलं.

"साहेब, यात झोप कुठी हाय?"

मी म्हणालो, झोप घरी असते, वेळापत्रकात नसते. तो हसला. म्हणाला, आम्ही मुक्कामाच्या गावी साडेसातला भात खायचो आणि आठ वाजता शाळेच्या ओट्यावर आडवं व्हायचो, म्हणून चार वाजता डोळा उघडा राहायचा. मी सांगितलं की तिथले रस्ते पाटासारखे आहेत, तिथे झोप येत नाही. त्याने मान हलवली आणि दुसरा कप मागितला. रस्त्याचं ज्ञान असलं तरी कागदाचं ज्ञान वेगळं, हे ड्रायव्हरांना कधी कळलं नाही.

२७ मार्च, शनिवार

नवीन मार्ग सुरू करायचा तर आधी चाचणी फेरी लागते. रिकामी गाडी न्यायची, वेळा तपासायच्या, मग प्रवासी बसवायचे. मी ती चाचणी कधी टाळली नाही आणि नातवाच्या बाबतीत तर टाळणारच नाही. पियुषला सांगितलं, ९ एप्रिलच्या शुक्रवारी तुला सुट्टी आहे, तेव्हा दोघांनी सॅन अँटोनियोची चाचणी फेरी करून या. तो म्हणाला, दिव्यानीला सातवा लागेल. मी म्हणालो, म्हणूनच आता, नंतर जमणार नाही. दिव्यानीने डॉक्टरला विचारलं, डॉक्टरने हो म्हटलं.

४ एप्रिल, रविवार

फोन. पियुष म्हणतो, गुरुवारी ऑफिसात कामाची शेवटची तारीख आहे, घरी यायला रात्रीचा एक-दीड वाजेल. शनिवारी जाऊ का? शनिवारी त्या रस्त्यावर गर्दी किती असते हे त्यानेच मला सांगितलं होतं. मी म्हणालो, "बेटा, झोप सॅन अँटोनियोत काढजो. दोन दिवस हॉटेलात दुसरं काय काम हाय तुले?" तो हसला. बरं म्हणाला.

मग फोनवर दिव्यानी आली. तिला मी कंडक्टर नेमलं. कागद हातात ठेवायचा, प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष वेळ पेन्सिलीने टिपायची, ड्रायव्हरला इकडेतिकडे थांबू द्यायचं नाही. ती म्हणाली, "बाबा, ड्रायव्हर ऐकला नाई त?" मी म्हणालो, रिपोर्ट कर. किती गोड हसते पोरगी. गडचांदूरच्या सोमाजींच्या घरी मुलगी पाहायला गेलो तेव्हा हसण्यावरूनच मी रुखमाला खूण केली होती.

९ एप्रिल, शुक्रवार

तिथले सव्वाचार म्हणजे इथले पावणेतीन. घड्याळ समोर ठेवून बसलो. पावणेतीनला रुखमाला म्हणालो, सुटली. चारला म्हणालो, कोलंबस गेलं. ती म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला तुमच्या.

चार पंचवीसला शूलेनबर्ग. तिकडे त्यांचा चहा आणि इकडे आपला, एकाच वेळेला व्हावा म्हणून मी स्वतः चहा ठेवला. आलं घातलं. दोघांनी ओसरीवर बसून घेतला. ऊन भाजत होतं तरी फार बरं वाटलं. सात समुद्रापलीकडच्या पोरांसोबत चहा घेतला असंच वाटलं.

१० एप्रिल, शनिवार

फोन नाही. सहलीत आहेत, कशाला करतील.

११ एप्रिल, रविवार

मी अयूबकडे होतो तेव्हा नेमका फोन आला. रुखमाने घेतला. घरी आलो तर ती देवघरासमोर बसली होती, दिवा विझला होता. म्हणाली, गाडी बंद पडली, अर्ध्यातून परत आले. विचारलं, कुठे? माहीत नाही म्हणाली. गाडीला काय झालं? माहीत नाही. पुन्हा काही विचारलं तर उठून गेली.

चाचणी अर्धवट. चांगलं नाही. नवीन गाडी बंद पडते म्हणजे देखभाल नाही. तेल-पाणी बघ म्हणून मी त्याला दहादा सांगितलं होतं.

१४ एप्रिल, बुधवार

रुखमाला बरं नाही. तीन दिवस जेवण नाही, म्हणते पित्त आहे. दुपटंही बाजूला ठेवून दिलं आहे, दोरा संपला म्हणते. मी गोल बाजारात जाऊन पाच रंगांच्या रिळा आणल्या. तिने हातात घेतल्या, पाहिल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेली. या वयात बायका हळव्या होतात. नातू यायचा म्हणून असेल.

१८ एप्रिल, रविवार

पियुषचा फोन. आवाज बसलेला, सर्दी म्हणतो. गाडी दुरुस्त झाली का विचारलं, तर ती विकून टाकणार म्हणाला. मी म्हणालो, एकदा बंद पडली म्हणून कोणी गाडी विकतं का? आमच्या डेपोत पंधरा-पंधरा वर्षांच्या गाड्या होत्या. चाचणीच्या वेळा मागितल्या तर म्हणाला, कागद सापडत नाही. कंडक्टरला दे म्हटलं. ती झोपली आहे.

तिथे सकाळचे साडेआठ.

२५ एप्रिल, रविवार

दिव्यानी झोपली आहे.

२ मे, रविवार

आज मी परतीच्या पानाविषयी बोललो. बाळासाठी दर दीड तासाला वीस मिनिटं पुरतील का, की अर्धा तास ठेवू? दूध पाजायला गाडीत बरं की दुकानात? पियुष काहीच बोलेना. मला वाटलं लाईन कटली. हॅलो, हॅलो केलं. तेवढ्यात रुखमाने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "ठेव बेटा. ठेव आता तू." आणि खरंच ठेवून दिला.

मी चिडलो. आयएसडीचा फोन काय रोज येतो? ती म्हणाली, "अर्धा तास लिहा. तुमच्या मनाले येईल तेवढं लिहा." असा तिचा आवाज मी लग्नानंतर प्रथमच ऐकला. मी अर्धा तास लिहिलं.

९ मे, रविवार

आता मनात आहे ते लिहूनच टाकतो, डायरी कोण वाचतं. मला वाटतं सुनेला आम्ही यायला नको आहोत. तीन आठवडे फोनवर नाही. पियुष मध्ये भरडला जातो आहे म्हणून त्याचा आवाज असा झाला. रुखमाला हे सगळं ठाऊक आहे आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती गिळून बसली आहे. लेकाच्या घरी पाय टेकण्याआधीच पाहुणे झालो आम्ही.

सोमाजींना फोन लावला. व्याही म्हणून सरळ विचारणार होतो, तुमच्या मुलीच्या मनात काय आहे. ते नुसते म्हणाले, "गुणवंतराव, मी मंग बोलतो." आणि ठेवला. सिमेंट कारखान्यात फोरमन झाले म्हणून एवढा तोरा?

१६ मे, रविवार

बसस्टँडवर गडचांदूरच्या गाडीचा कंडक्टर भेटला, माझ्या हाताखालचाच. म्हणाला, साहेब, तुमची सूनबाई आली ना माहेरी, मागच्या आठवड्यात माझ्याच गाडीत होती, सोबत त्यांच्या आई चंदाबाई होत्या. मी म्हणालो, तू चुकतो आहेस. तो म्हणाला, लग्नात मी जेवून गेलो साहेब, मी कसा चुकेन.

घरी येऊन रुखमाला काही बोललो नाही. आठव्या महिन्यात विमानात बसू देत नाहीत, असं माझ्या माहितीच्या कागदात लिहिलं आहे. म्हणजे भांडण फार मोठं असणार.

१८ मे, मंगळवार

सकाळी सातच्या गाडीने गडचांदूरला गेलो. रुखमाला बँकेत जातो म्हणून सांगितलं. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होतो. रागावायचं नाही, पण मोठेपणाने बोलायचं. म्हणायचं, कंडक्टरबाई, तुमचा रिपोर्ट अजून आला नाही.

दार दिव्यानीनेच उघडलं.

मी वाक्य बोलणार होतो. तिने साडी नेसली होती, पदर कमरेला खोचलेला, हातात तांदळाचं सूप. आणि ती लग्नात होती तशी होती. तशीच बारीक. मी तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो, आणि तिनेही मला पाहू दिलं. मग तिने सूप खाली ठेवलं आणि वाकून पाया पडली. माझा हात आशीर्वादाला वर गेला आणि तिथेच राहिला, कारण जो आशीर्वाद तोंडाला सवयीने येतो तो देता येईना.

सोमाजी बाहेर आले. त्यांचा चेहरा असा होता की त्यांनी मला हाताला धरून काढलं असतं तरी मी गेलो असतो. दिव्यानी त्यांना म्हणाली, "बाबाईले काई म्हणू नका. त्याईले माहीत नाई." चंदाबाईंनी पाणी आणलं. मग दोघं आत गेले आणि ती माझ्यासमोर चटईवर बसली.

गाडी बंद पडली नव्हती. पियुषला डुलकी लागली. गाडी रस्ता सोडून कठड्यावर गेली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. तिला पट्टा होता, पण पोटावर मार बसला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मुलगी झाली, श्वास नसलेली. तिने सगळं असं सांगितलं जसं दुसऱ्या कुणाचं सांगते आहे.

मी विचारलं, किती वाजता. का विचारलं? एकतीस वर्षं अपघाताच्या प्रत्येक कागदावर पहिला प्रश्न मी हाच विचारत आलो, म्हणून तोंडातून निघून गेला.

ती उठली, आतून पर्स आणली आणि कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझं वेळापत्रक. माझं अक्षर, घडीवर फाटलेलं. शेवटच्या रकान्यात तिच्या पेन्सिलीने लिहिलं होतं, ह्यूस्टन सुटली चार वीस. कोलंबस पाच तेहतीस. त्याखाली शूलेनबर्गसमोर काही नाही. ऑस्टिनसमोर काही नाही. पान रिकामं.

माझं बोट कोलंबसवर होतं. ती म्हणाली, "हे म्हणे, इथी थांबू, चहा घेऊ, डोळे मिटून राह्यले. मीच कागद दाखवला बाबा. म्हटलं, कोलंबसले थांबा नाई. वीस मिनटात शूलेनबर्ग आहे."

तोपर्यंत ती रडली नव्हती. नंतर म्हणाली, "तुम्ही मले कंडक्टर केलं होतं ना."

ती पियुषवर रागावून आलेली नाही. तो तिला दोष देत नाही, आणि तिला तेच सहन होत नाही. तो डुलकी लागली म्हणून स्वतःला खातो, ती थांबू दिलं नाही म्हणून स्वतःला खाते. एका घरात दोघं एकमेकांकडे पाहू शकत नव्हते.

परतीच्या गाडीत उभा राहूनच आलो. कंडक्टरने जागा दिली होती.

१९ मे, बुधवार

पावणेतीनला सुटली, चारला कोलंबस, असं म्हणत मी घड्याळ घेऊन बसलो होतो, ते ९ एप्रिलचं पान काल रात्री पुन्हा वाचलं. चार पंचवीसला मी चहात आलं घातलं. तेव्हा अपघात होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली होती.

२० मे, गुरुवार

रुखमाला सांगितलं, बँकेत गेलो नव्हतो. ती म्हणाली, माहीत आहे, पासबुक घरीच होतं.

११ एप्रिललाच पियुषने तिला सगळं सांगितलं. "त्यानं शपथ घातली मले. म्हणे, बाबाले सांगू नको आई, कागद बाबाचा होता. त्याईले समजलं त ते मोडून पडतील." पाच आठवडे ती हे पोटात घेऊन माझ्यासोबत बाळाचे थांबे मोजत होती. अर्धा तास लिहा म्हणाली. आणि मी तिला पाच रंगांच्या रिळा आणून दिल्या.

मी विचारलं, नाव ठेवलं होतं का. तिला माहीत नव्हतं. मी दिव्यानीलाही विचारलं नाही. वेळ विचारली.

२१ मे, शुक्रवार

लालसू आठवतो आहे. झोप कुठी हाय, म्हणाला होता.

पहाटेच्या गाडीला अपघात का नव्हता हे मला एकतीस वर्षं ठाऊक होतं. ड्रायव्हर आठ वाजता झोपायचा म्हणून. मुक्काम हा वेळापत्रकाचाच भाग होता. गाडी सायंकाळी सातला गावात पोहोचते आणि पहाटे चारला निघते, मधले नऊ तास मीच तर द्यायचो. ते नऊ तास काढून टाकून उरलेला कागद मी पोराला पाठवला. तो दीडला घरी येणार हे त्याने मला सांगितलं होतं. शनिवारी जाऊ का, असंही विचारलं होतं. देव चालवतो म्हणे. देव आठ वाजता झोपत होता.

डेपोत डुलकीचे किती कागद माझ्या हातून गेले. शेवटी एक ओळ असते, दोष कोणाचा. मी दरवेळी चालकाचा लिहिलं. ज्याने ड्यूटी लावली त्याच्यासाठी माझ्या कागदावर रकानाच नव्हता.

२३ मे, रविवार

मीच फोन लावला. सकाळी साडेसातला, तिथली शनिवारची रात्र. पियुषने आईच आहे असं समजून फोन उचलला.

मी म्हणालो, गडचांदूरला जाऊन आलो. तो म्हणाला, "बाबा, माझी चूक हाय. मले डुलकी लागली."

"डुलकी तुले लागली, बेटा. ड्यूटी मी लावली होती."

तो रडू लागला. मोठा माणूस, सहा फुटांचा. आठ वर्षांचा असताना माझ्या केबिनमध्ये बसून भोंग्यावर गाड्यांची नावं सांगायचा, धानोरा गाडी फलाट तीन, असं. मी फोन कानाला धरून ठेवला. त्याने रडावं एवढा वेळ मी कधी कोणाला दिला नव्हता.

मग त्याने सांगितलं, तेव्हापासून स्टिअरिंग धरलं नाही. ऑफिसला दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून जातो. म्हणाला, तुम्ही येऊ नका, इथे आता काय आहे. मी म्हणालो, तू आहेस.

६ जून, रविवार

डेपोत एक रीत होती. अपघात झालेल्या ड्रायव्हरला घरी बसू द्यायचं नाही. शेजारी जुना माणूस बसवून पहिल्यांदा डेपोच्या आवारात, मग गावात, मग थोडं लांब, आणि शेवटी त्याच रस्त्याने न्यायचं. नाहीतर तो माणूस रस्त्यातून कायमचा उठतो.

नवीन वेळापत्रक केलं. पहिला रकाना विश्रांतीचा. रात्री आठपासून. पहिल्या दिवशी सकाळी दहाला घरापासून कोपऱ्यापर्यंत, अर्धा मैल, आणि परत. शेजारी मी. चौथ्या दिवशी दोन मैल. असं करत ऑगस्टच्या शेवटी कोलंबस, एकाहत्तर मैल. सॅन अँटोनियो नाही, ऑस्टिन नाही. बाळाचं पान मी फाडलेलं नाही, पण यात जोडलेलंही नाही.

कोलंबसच्या ओळीत काय लिहावं ते सुचेना. लाल शाईची ती अक्षरं समोर येतात. ती ओळ कोरी ठेवली. कंडक्टरचा रकानाही कोरा ठेवला.

१० जून, गुरुवार

गडचांदूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ वेळापत्रकाची एक प्रत दिली. सोबत चिठ्ठी लिहिली. बेटा, तू यावं म्हणून पाठवत नाही. एक ओळ मला भरता येत नाही. तुलाही भरता आली नाही तर तशीच परत कर. वेळ विचारायला नको होती, नाव विचारायला हवं होतं.

१८ जून, शुक्रवार

उद्या नागपूरला निघायचं. रुखमा बॅग भरते आहे. दुपटं सगळ्यात वर ठेवलं आहे, अर्धंच शिवलेलं, माझ्या खाकी शर्टाच्या तुकड्यापर्यंत. सुई त्यातच होती. मी सांगितलं, विमानात सुई चालत नाही. तिने दातांनी दोरा तोडला आणि सुई रिळात खोचून कपाटात ठेवली. कशाला नेते हे मी विचारलं नाही.

दुपारच्या गाडीने गडचांदूरहून पाकीट आलं. कंडक्टर म्हणाला, सूनबाई स्वतः स्टँडवर आल्या होत्या.

कागद तोच. कंडक्टरचा रकाना तसाच कोरा आहे. पण कोलंबससमोर तिने पेन्सिलीने लिहिलं आहे, थांबा. किती वेळ ते लिहिलेलं नाही, निघायची वेळही लिहिलेली नाही. मागच्या बाजूला कोपऱ्यात एकच शब्द आहे, बारीक अक्षरात. ओवी.

मी तो रुखमाला वाचून दाखवला. ती बॅगेजवळ खाली बसली आणि म्हणाली, "तिथी उतरता येते का हो?"

मी म्हणालो, आता येते.